मातृभाषेचा रकाना

भाषाविज्ञान शिकण्यासाठी विद्यापीठात अर्ज करावयाचा आहे असे घरात कोणी म्हटले, की ऐकणाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मग तुला भाषा किती येतात?" दुसराही ठरलेलाच : "शिकून पुढे काय?" आमच्या भाचीने गेल्या वर्षी हा बेत जाहीर केला, तेव्हा हे दोन प्रश्न तिला इतक्या जणांनी विचारले, की तिने उत्तरे पाठ करून ठेवली. पहिल्यास ती "अडीच" म्हणे आणि दुसऱ्यास नुसती हसे.

विचारणाऱ्यांस दोष द्यावा असे नाही. भाषाविज्ञान म्हणजे दहा भाषा फडाफडा बोलता येणे, अशी एक समजूत आहे. आणि भाषाविज्ञान म्हणजे शुद्धलेखनाची कोतवाली, अशी दुसरी. शाळेत भाषेविषयी आम्ही जे ऐकले, ते सारे "असे म्हणू नये" या तीन शब्दांत मावणारे होते. म्हणू नये ते कोण म्हणतो, कोणास म्हणतो आणि का म्हणतो, एवढेच विचारीत बसणारे एक शास्त्र आहे, ही वार्ता आमच्यासारख्यांच्या घरी उशिरा पोचते. भाचीची पदवी गणितातली. एम. ए. ला हा विषय घेण्यास बहुतेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, हे तिने शोधून काढले होते. तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या मेहुण्यांनी, मनाशी वेगळे ठरविले होते : गणिताची पदवी, त्यावर बी. एड., आणि जवळच्या एखाद्या शाळेत नोकरी. हा बेत वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. मुलगी घरी राहिली असती आणि पगारही दरमहा आला असता.

येथे घराची थोडी माहिती देणे भाग आहे, कारण अर्जाचा सारा मजकूर त्या घरातूनच निघाला. आम्ही बेळगावचे. आमची धाकटी बहीण फोंडा तालुक्यात दिली, त्यास पंचवीस वर्षे होऊन गेली. त्या घरात सासूबाई अस्सल अंत्रुजी कोंकणी बोलतात. मेहुणे आपल्या आईशी कोंकणीत, मुलीशी आणि बाहेर सर्वत्र आग्रहाने मराठीत बोलतात. आमची बहीण बेळगावी मराठीत सर्वांशी बोलते आणि सर्वांस ती समजते. अशी घरे गोव्यात पुष्कळ आहेत आणि त्यांत कोणास काही विशेष वाटत नाही. भाचीस मात्र वाटले. एके दिवशी ती आम्हास म्हणाली, "मामा, व्याकरणाने पाहिले तर या घरात मी कोण?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. आजी तिच्याविषयी बोलताना "तें आयलें", "तें जेवलें" असे म्हणते. म्हणजे नात नपुसकलिंगी. वडील "ती आली", "ती जेवली" म्हणतात; म्हणजे मुलगी स्त्रीलिंगी. आणि आई स्वतःविषयी बोलताना "मी येतो", "मी जेवलो" असे म्हणते. कारण आमच्या बेळगाव-कोल्हापूरकडच्या कित्येक बायका तसेच बोलतात. मुलगी आईचे ऐकून बोलावयास शिकते. तीही पाच वर्षांची असताना वर्गात "मी येतो, बाई" म्हणाली होती. वर्ग हसला आणि बाईंनी तिच्याकडून "मी येते" पाटीभर लिहून घेतले. एकच मुलगी, एकच घर आणि तिन्ही लिंगे! आम्ही सारे हे इतकी वर्षे ऐकत होतो. पण ऐकणे वेगळे आणि त्यावर थांबणे वेगळे.

कोंकणीतल्या या नपुसकलिंगात तुच्छता नाही, हे परक्या वाचकासाठी सांगितले पाहिजे. लहान मुलीस, लग्न न झालेल्या तरुणीस, बोलणाराहून वयाने लहान असलेल्या बाईसही हे रूप लागते. मालवणीतही असाच प्रकार आहे. त्यात वडीलकीची माया असते. पण नेमका नियम कोणता? वय, लग्न, नाते, की बोलणाराची लहर? भाचीने एक वही घातली. तीन महिने ती आजीच्या मागे मागे होती. तुळशीपाशी, माडाच्या सावलीत, मागच्या पडवीत. कोणाविषयी बोलताना आजी "तें" म्हणाली, कोणाविषयी "ती", समोर कोण होते, विषय कोणता होता, हे सारे तारखेनिशी टिपले. शेजारची मुलगी लग्न होऊन गेली आणि पंधरा दिवसांत "ती" झाली. उलट आजीची स्वतःची मुलगी, म्हणजे भाचीची आत्या, पन्नाशीची, दोन मुलांची आई, अजून "तें"च आहे. फक्त आजी तिच्यावर रागावली की त्या दिवसापुरती ती "ती" होते. हे वाचून आम्हास हसू आले आणि मग थोडे गंभीरही वाटले. रागावताना आजी लेकीस मोठी माणूस मानते, असा त्याचा अर्थ घ्यावा काय? भाची म्हणाली, "अर्थ मागाहून. आधी आणखी नोंदी हव्यात." मुलगी शास्त्राच्या वाटेला लागली, हे आम्ही त्याच क्षणी ओळखले.

आजीचे मत अर्थात वेगळे. ती म्हणाली, "बोलप म्हळ्यार बोलप. तातूंत शिकपाचें कितें?"

अर्जासोबत एक हेतुनिवेदन जोडावयाचे असते : हा विषय आपणास का शिकावयाचा आहे, ते थोडक्यात. भाचीने तीन ठिकाणी अर्ज करावयाचे ठरविले होते. पुणे, बडोदे आणि हैदराबाद. पहिला मसुदा तिने आम्हास वाचावयास दिला. तो पाणिनीपासून सुरू होत होता. दुसऱ्या परिच्छेदात दर बारा कोसांवर भाषा बदलत होती आणि तिसऱ्यात भाषा हा संस्कृतीचा आरसा होता. अशा अर्जांत बिचाऱ्या पाणिनीस दरवर्षी किती उठबस करावी लागत असेल, कोण जाणे! आम्ही एवढेच म्हटले, की हे निवेदन वाचणारास पाणिनी ठाऊक आहे. तुझी आजी ठाऊक नाही. तिने ते पान फाडले. नवा मसुदा "तें आयलें" या दोन शब्दांनी सुरू झाला आणि आमच्या मते तो तेथेच अर्धा जिंकला गेला. मग तिने आईचे "मी येतो" घेतले. कानडीत "मी येतो" आणि "मी येते" यांस एकच रूप आहे. आमच्या बायकांची ही लकब शेजारच्या कानडीच्या सहवासाने आली असेल काय, असे तिने विचारले होते. उत्तर दिले नव्हते, हे विशेष. आम्ही बेळगावात जन्म काढला आहे, म्हणून या तर्कास होकारही देत नाही आणि नकारही नाही.

त्या निमित्ताने तिने बरेच वाचले आणि आम्हासही वाचावयास लावले. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावी कानडी, मराठी व उर्दू बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली. तेथील बोलीवर गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. तो आज जगभरच्या वर्गांत शिकविला जातो. शब्द वेगवेगळे राहिले, पण वाक्यांची घडण इतकी सारखी झाली की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावे, असे त्यांस आढळले. लिंगाचीही तीच गत : माणसे सोडून बाकीच्या साऱ्या वस्तू कानडीच्या वळणाने नपुसकलिंगी झाल्या. सीमेवरच्या गावांत भांडणे भाषांची असतात आणि भाषा मात्र एकमेकींची भांडी वापरीत असतात. कुपवाडचा निबंध वाचून भाचीने आईच्या वाक्यांसाठी वहीत निराळी पाने ठेवली.

मेहुण्यांचा एक आक्षेप असा होता, की हे शास्त्र परक्यांचे आहे. भाचीने त्यांस गोव्याचेच उदाहरण दिले. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती आहे, असे त्याने १५८३ साली आपल्या भावास पत्रातून कळविले. सर विल्यम जोन्स यांचे कलकत्त्यातील प्रसिद्ध व्याख्यान १७८६ चे. म्हणजे त्याच्या दोनशे वर्षे मागाहूनचे. याच स्टीफन्सने ख्रिस्तपुराण मराठीत रचले, ते १६१६ साली छापले गेले. आणि त्यानेच कोंकणीचे व्याकरण लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापले गेले. काव्य एका भाषेत आणि व्याकरण दुसरीचे! त्याच्या हाताखाली दोन्ही सुखाने नांदल्या. पुढे झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ १९२० साली आला, वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ साली मराठीत आणला, आणि लगोलग १९४२ मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांचा कोंकणीच्या घडणीवरील ग्रंथ निघाला. ना. गो. कालेलकर पॅरिसला ब्लॉक यांच्यापाशी शिकले. त्यांच्या 'भाषा : इतिहास आणि भूगोल' या मराठी पुस्तकास १९६७ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. मेहुण्यांनी हे पुस्तक ग्रंथालयातून आणविले, आठ दिवस ठेवले आणि काही न बोलता परत केले. मात्र त्यानंतर बी. एड. चा विषय घरात निघाला नाही.

प्रवेशपरीक्षेची तयारी हा एक गमतीचा भाग होता. अशा परीक्षेत कोणास न येणाऱ्या भाषेतली दहा वाक्ये अर्थासह देतात आणि त्यांतून बहुवचनाचा प्रत्यय कोणता, नकाराचा शब्द कोणता, हे शोधावयास सांगतात. भाषा येत असण्याचा तेथे काडीचा उपयोग नसतो. गणित केलेल्या मुलीस ते जमते. एके रात्री जेवणानंतर भाचीने वडिलांस विचारले, "बाबा, 'जग' म्हणून दाखवा." त्यांनी म्हटले. "हे दुनिया झाले. आता एखाद्यास 'तू शंभर वर्षे जग' असा आशीर्वाद द्या." त्यांनी दिला; आणि मध्येच थांबले. पहिला 'ज' टाळूपाशी आणि दुसरा दातांपाशी! अक्षर एकच, ध्वनी दोन, आणि तेवढ्या भेदाने अर्थ पालटतो. "चाक" आणि "चंद्र" यांतील 'च' चीही तीच कथा. मेहुणे नंतर बराच वेळ ओटीवर बसून स्वतःशीच जग, जग असे पुटपुटत होते. मराठीवर त्यांची निष्ठा फार मोठी. ती त्या रात्री कमी झाली नाही. थोडी जवळ आली असावी.

('आम्ही' म्हटले की त्यात वाचक येत नाही आणि 'आपण' म्हटले की येतो, हाही असाच एक भेद आहे. गुजरातीत तो आहे. प्रमाण हिंदीत नाही. परंतु आमचे इंदूरचे आप्त हिंदी बोलतानाही 'अपन' म्हणून ती उणीव भरून काढतात. हा लेख 'आम्ही' ने लिहिताना आम्हास त्यामुळे जरा अवघडल्यासारखे होत आहे. असो.)

हे सारे सुरळीत चालले असता एका अर्जातील एक रकाना आडवा आला : मातृभाषा. कोणत्या विद्यापीठाचा अर्ज ते सांगण्याचे कारण नाही. असा रकाना जवळपास सर्वांच्याच अर्जांत असतो. अर्ज संगणकावर भरावयाचा, भाषांची यादी तयार, आणि त्यांतील एकीवरच बोट ठेवावयाचे. दोन निवडू म्हटले तर यंत्र पुढे जाऊ देत नाही. भाषाविज्ञानाच्याच अर्जात हा प्रश्न असा विचारला जावा, याचे आम्हास नवल वाटले. ज्या शास्त्रास 'भाषा कोणती आणि बोली कोणती' हे निव्वळ ध्वनींवरून व प्रत्ययांवरून ठरविता येत नाही असे त्याचे आचार्यच सांगतात, त्याच्या दारात उभे राहण्यापूर्वी ते अर्जदाराने ठरवून यावयाचे!

गोव्यात हा रकाना नुसता रकाना नसतो. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषेचा कायदा झाला. देवनागरी कोंकणी राजभाषा ठरली आणि सरकारी कामकाजात मराठीच्याही वापरास जागा ठेवली गेली. १९९२ साली कोंकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. त्या कायद्यापूर्वीच्या गरम दिवसांत मेहुणे महाविद्यालयात होते आणि मराठीच्या सभांस पायी जात असत. काही मित्र त्या दिवसांत तुटले, ते अजून जुळलेले नाहीत. तेव्हापासून आजतागायत प्रत्येक कागदावर त्यांनी 'मराठी' लिहिले आहे. आम्हा बेळगावकरांस हे कळावयास सांगावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचे गाव म्हैसूर राज्यात गेले. त्यानंतर आमच्याकडे मातृभाषा मराठी असे लिहिणे ही माहिती राहिली नाही, ती साक्ष झाली. खानेसुमारीचा माणूस दारात आला, की आमचे वडील धोतर नीट करून पुढे होत आणि तो शब्द त्याने लिहिलेला स्वतः वाचून पाहत.

भाचीने व्याख्या शोधली. खानेसुमारीच्या नियमाप्रमाणे मातृभाषा म्हणजे बालपणी आई त्या व्यक्तीशी जी भाषा बोलली ती. (२०११ च्या खानेसुमारीत लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावे १९,५६९ भरली होती, छाननी करून ती १,३६९ वर आणली आणि त्यांच्या १२१ भाषा केल्या. कमी करण्याचे काम असे निष्ठुर असते.) या नियमाने भाचीची मातृभाषा मराठी, कारण आई बेळगावची. पण मग तिने वडिलांस सरळ विचारले, "बाबा, तुमची आई तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलली?"

स्वयंपाकघरात आमच्या बहिणीचा हात थांबला. आजी पलीकडे वाती वळीत होती. मेहुणे तिच्याकडे पाहून सावकाश म्हणाले, "बोलली कोंकणी. वाचून दाखविली मराठी."

यात खोटे एक अक्षरही नाही. ती म्हातारी रोज सायंकाळी मराठी पोथीचा अध्याय वाचते आणि शेजारणीस त्याचा अर्थ कोंकणीत सांगते. पोर्तुगीज अमदानीत वाढलेल्या त्या बाईने देवाशी कोणत्या भाषेत बोलावे आणि लेकराशी कोणत्या, हे आपल्यापुरते ठरविले होते, आणि त्यांपैकी एक निवड म्हणून तिला कोणी सांगितले नव्हते. मुलाने पुढे आईने वाचलेली भाषा निवडली. दुसऱ्याच्या मुलाने आई बोलली ती निवडली. दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले. आम्हास विचाराल तर या भांडणात खोटे कोणीच नव्हते, आणि म्हणूनच ते मिटले नाही.

मेहुणे त्या रात्री अधिक काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना चपला घालता घालता म्हणाले, "तुझा रकाना तू भर. मी माझा भरीत आलो." इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांस एवढे सैल आम्ही प्रथमच पाहिले.

तिने 'मराठी' भरले. व्याख्या तशी आहे म्हणून भरले, वडिलांसाठी नव्हे, असे तिने आम्हास बजावून सांगितले. आम्ही तिच्या जागी असतो, तर 'कोंकणी' लिहिले असते. तिचे सारे निवेदन आजीच्या बोलण्यावर उभे आहे, आणि जिच्या शब्दांवर आपण दार ठोठावतो, तिचे नाव दारावर घालावे असे आम्हास वाटते. भाचीस हे पटले नाही. "मामा, निवेदनात आजी पहिल्या ओळीत आहे. रकान्यात नाव घालून तिला कमी जागा मिळाली असती," असे ती म्हणाली. आजीस विचारले तेव्हा तिने वातीवरून नजर न काढता उत्तर दिले, "म्हाका कोण विचारता?"

हैदराबादचे पत्र आधी आले. मुलाखतीत तिला मातृभाषेविषयी कोणीच काही विचारले नव्हते. आत्या रागाच्या दिवशी "ती" होते, त्या नोंदीवर मात्र परीक्षक बराच वेळ बोलत होते. दुसऱ्या दोन ठिकाणांची वाट न पाहता तिने जावयाचे ठरविले. त्या शहरी उस्मानिया विद्यापीठात १९६२ पासून भाषाविज्ञानाचा विभाग आहे; भद्रिराजु कृष्णमूर्ती यांनी तो उभा केला आणि शेतकऱ्यांच्या तोंडचे शब्द गावोगाव फिरून गोळा करविले. आमचे चुलतबंधू तेथेच स्थायिक झाले आहेत, हा घरच्या माणसांना आधार. भाचीस आधार वेगळाच दिसला. तेलुगूत बाई आली काय, गाय आली काय, आणि गाडी आली काय, एकवचनी क्रियापद एकच : वच्चिंदि. आजीच्या "तें आयलें" शी त्याचा काही संबंध नसेल, असे ती स्वतःच म्हणते. पण रोज ऐकावयास मिळेल, हा आनंद तिला लपविता येत नव्हता.

पैशांची व्यवस्था मेहुण्यांनी केली. तो तपशील येथे नको. वही मात्र ती घेऊन गेली नाही. नोंदी आता आईने करावयाच्या आहेत : तारीख, कोण बोलले, कोणाविषयी, समोर कोण होते. आपल्या मराठीत लिही, लिहिताना सुधारू नकोस, अशी ताकीद आहे. परवा फोंड्यास गेलो असता आम्ही ती वही उघडून पाहिली. भाची गेल्यानंतरची पहिली नोंद बहिणीच्या गोल अक्षरात होती : "सासूबाई शेजारच्या बाईंना सांगत होत्या, आमचें चेडूं हैदराबादाक गेलें. 'तें'च म्हणाल्या. मी तिथंच बसलो होतो."